पांढरा मोजा

बूट इथेच काढ, नेलिदा, जिन्यात.
सहा वाजलेत, डॉक्टर अजून झोपलेत,
आणि लिस्बनच्या या जुन्या इमारतीत
माणसांपेक्षा जिनाच जास्त चुगल्या करतो.

आधी झाडू, मग पाणी.
उलटं केलंस तर केस आणि धूळ
चिकटून बसतात कोपऱ्यात, नको झालेल्या पाहुण्यांसारखे.

साबण अर्धं झाकण.
हसू नकोस. बाटलीवर तीन लिहिलंय,
पण बाटली विकणाऱ्याला कुठे पुसायचंय?
जास्त घातलास की फेस छान दिसतो,
दुपारी मात्र बाईंची चप्पल
चट् चट् बोलत फिरते घरभर,
आणि बोलते ती तुझ्याबद्दल.

बादल्या दोन. एकीत साबण, एकीत नुसतं पाणी.
मी एकीवरच दहा वर्षं काढली:
या खोलीतला मळ उचलायचा
आणि त्या खोलीत नेऊन पातळ फासायचा,
पावावर लोणी फासावं तसा.

हा दारातला दगड चुन्याचा.
वाक, बघ, शिंपल्यांच्या गाठी आहेत आत.
कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता म्हणे,
आपल्या दोघींपेक्षा जुना स्थलांतरित.
याला व्हिनेगर नाही. लिंबू नाही.
आंबट लागलं की तोंड फिकं पडतं त्याचं
आणि पुन्हा कधी उजळत नाही.

स्वयंपाकघरात नक्षीची सिमेंट फरशी,
ती पोटात ठेवते सगळं. तेल सांडलं की लगेच टिप.
न्हाणीघराच्या टाइल्स सोप्या,
फक्त मधल्या रेघांना जुना दातब्रश.

मुलाच्या खोलीत कॉर्क आहे.
बाटलीचं बूच असतं ना, तेच झाड, पायाखाली.
कॉर्कला पाणी दाखवायचं,
पाजायचं नाही.

आणि ही बैठकीची खोली. पाइनच्या फळ्या.

इथे फडकं तीनदा पिळते मी.
मनगट दुखेपर्यंत. मग चौथ्यांदा.

ग्रासा भागात होतं ते घर.
मला बेटावरून येऊन दोन महिने झालेले.
आमच्याकडे पाणी डोक्यावरून यायचं, मापानं,
भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला जायचं.
इथे नळ सोडला की येतंय, येतंच आहे.
मी बादली उपडी केली त्या फळ्यांवर.
खरं सांगू? फार मजा आली.
अनवाणी उभी राहिले मधोमध,
घोट्यांना गार लागेपर्यंत.

चौथ्या दिवशी फळ्यांनी पाठ वर काढली,
मांजर अंग ताणतं तशी.
बाईंनी विचारलं. मी म्हटलं,
सिंकखालचा पाइप गळतोय.

आठवड्यापूर्वीच तो आदेरितोनं बसवला होता.
त्याला बोलावलं. म्हातारा गुडघे टेकून
पाइपाखाली आत शिरला, कोरडा कागद धरला,
बाहेर आणून दाखवला: कोरडाच.
कुणी पाहिला नाही.
मी पाहिला.
पैसे बुडाले त्याचे, आणि त्या गल्लीतली कामंही.

का सांगतेय कोण जाणे.
ती खिडकी उघड. वारा हवा,
पंख्याच्या नादी लागू नकोस, डाग राहतात.
फळ्यांच्या रेघेनं जायचं, आडवं नाही.
आणि दाराकडे सरकत सरकत मागे यायचं,
नाहीतर स्वतःच अडकशील कोपऱ्यात
ओल्या जमिनीच्या पलीकडे, माझ्यासारखी.

वाळलं? हात लावून बघ.
आता हा मोजा घाल, पांढरा. दुसरा मला दे.
तू खिडकीच्या बाजूनं चाल, मी भिंतीच्या.
सावकाश. पाय उचलू नकोस, घासत ये.

तळवा दाखव.
हं. टाचेपाशी थोडं करडं आहे.

माझाही बघ.

चल, ऊठ, डॉक्टरांचा गजर वाजेल आता.
पुन्हा एकदा.
या वेळी साबण नको,
नुसतं पाणी.